मायची कुजबुज, माझा घसा

माझी नात पुण्याहून फोन करते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आजी, हळू! मी स्पीकरवर नाही टाकलेलं, तरी सगळ्या हॉस्टेलला ऐकू जातंय." आता काय सांगू तिला! मला हळू बोलताच येत नाही. घसाच तसा घडलाय. आमच्या घरात माझ्याकडे एक काम होतं आणि बोलायला लागले तेव्हापासून ते माझ्याकडेच होतं. माय जे हळू बोलायची ते मी मोठ्याने सांगायचं. माय म्हणजे आई. मी सांगायचं ते आबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या वडिलांना. तापीकाठच्या आम्हा गुजर शेतकऱ्यांच्या घरांत तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे. हनुवटीपर्यंत पदर ओढायचा, त्याला आमच्याकडे लाज काढणं म्हणतात, आणि सासरा बसलाय त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. काही सांगायचंच असलं तर दाराआडून, हळू आवाजात, आणि तेही सासऱ्याला नाही, मधल्या कुणाला तरी. आजी होती तोवर मधली ती होती. ती गेली आणि मधली मी झाले. वडील दिवसभर मळ्यात, दुसरं मूल घरात नाही, मग उरलं कोण?

माय स्वयंपाकघराच्या दाराशी यायची. बांगड्या वाजायच्या, म्हणजे निरोप आहे. "शालू, तुन्हा आबाले सांग, दूध नासी गयं." की मी बैठकीत धावत जाणार आणि छातीत हवा भरून ओरडणार, "आबा! माय म्हनस, दूध नासी गयं! काळा चहा पेना पडी!" ओरडायचं कारण आबांचे कान. सगळं आयुष्य त्यांनी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशेजारी काढलेलं. ते इंजिन पुकपुक करत सुरू झालं की चिंचेवरचे बगळे उडायचे, आणि आबा त्याला टेकून पान खायचे. कान गेले तेव्हा त्यांनी मानलंच नाही की गेले. लोक अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत, असं त्यांचं म्हणणं. कुणी काही बोललं की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "हां हां, चांगलं शे." दूध नासलं, चांगलं शे. बैल लंगडतोय, चांगलं शे. त्यामुळे निरोप पोचला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मी आपली खात्री म्हणून दोनदा ओरडायची.

आता विचार करा. जगात सगळ्यात हळू बोलणारी बाई एका टोकाला, जगात सगळ्यात कमी ऐकू येणारा माणूस दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मी! आमच्या घरातलं खासगी असं काही उरलंच नाही. मायने दाराआडून ओठ हलवले की पुढच्या क्षणी ते अख्ख्या गल्लीला माहीत. समोरच्या कमलकाकूंना तर आमच्या घरात डोकावायची गरजच नव्हती. त्या आपल्या ओट्यावर दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, पाखडत बसायच्या आणि सुपाचा आवाज मध्येच थांबायचा, तेव्हा समजायचं की काकू ऐकताहेत. एकदा मी आबांना ओरडून सांगितलं की माय म्हणते लोणच्याला बुरशी आली, आज तोंडी लावायला नुसती चटणी. आबा म्हणाले चांगलं शे, आणि समोरून काकूंची हाक, "शालू व, मन्हा घरथून लई जा लोणचं! कैरीनं शे!" माय आत कपाळाला हात लावून हसत होती. तिचं हसणंही बिनआवाजाचं होतं. खांदे तेवढे हलायचे.

मला त्या घराचे आवाज आजही एकेक ऐकू येतात. पहाटे मायचं भाकरी थापणं, आणि दर भाकरीमागे बांगडीचा एक टिंग. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा आवाज जाड, बाजरीचा निराळा. वांगी चुलीत फुटायची ती फस्स करून, मग भरीत बडग्याने ठेचण्याची धपधप, त्यावर कच्च्या तेलाची धार, हिरवी मिरची, कांद्याची पात, आणि शेंगदाणे. आबांची पुटपुट, ते आंघोळ करताना देवाचं काहीतरी म्हणायचे आणि त्यातच पाणी गार आहे म्हणून शिव्याही द्यायचे. उसाच्या हंगामात पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याला निघालेल्या बैलगाड्यांचे घुंगरू. या सगळ्या गलक्याच्या खालून मायचा तो आवाज वाहायचा. आवाज तरी कसं म्हणू! श्वासच तो, फक्त शब्दांचा. मी तो कुठेही ओळखायचे. अंगणात लगोरी खेळत असले तरी माझे कान आतल्या दाराकडे असायचे.

आणि या गोष्टीला एक नाव आहे, हे मला शाळेत कळलं! घरी आम्ही बोलायचो अहिराणी, मराठी असायची ती फक्त शाळेत, पुस्तकात आणि गुरुजींच्या तोंडी. चौथीत असेन. मागच्या बाकावर काहीतरी चाललं होतं आणि गुरुजींनी फळ्यावर डस्टर आपटून विचारलं, "कोण कुजबुज करतंय तिकडे?" बाकीची पोरं पुस्तकात डोकी खुपसून बसली. मी मात्र उभीच राहिले. "गुरुजी, काय म्हणालात?" गुरुजींना वाटलं, पोरगी उलट बोलते. "कुजबुज! हळू आवाजात बोलणं! कळलं?" कळलं म्हणजे काय! मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. शाळा सुटल्यावर दप्तर छातीशी धरून मी घरापर्यंत पळत आले, थेट चुलीपाशी. "माय, तू बोलस ना, त्याले नाव शे! पुस्तकमा शे!" माय म्हणाली, काय नाव? मी सांगितलं. तिने हातातली लाटी खाली ठेवली आणि तो शब्द आपल्या पद्धतीने म्हणून पाहिला. आवाज न काढता. कुजबुज. मग परत एकदा. तेव्हा आमच्या दोघींच्या लक्षात आलं की हा शब्द आवाज न काढताही पूर्ण म्हणता येतो, अगदी जसाच्या तसा! माय खूश झाली. म्हणाली, "आमनाकडे याले गुसपुस म्हनतस." तिचं माहेर गुजरात हद्दीला लागून, तिथले शब्द निराळे. मग त्या संध्याकाळी आम्ही दोघी भाकरी करता करता तेच बोलत बसलो, गुसपुस, कुजबुज, खुसुरफुसुर, आणि मायचे खांदे हलत होते.

पुढे मी याच विषयाची मास्तरीण झाले. सगळी नोकरी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवण्यात गेली आणि दर वर्षी या शब्दावर माझा एक तास जायचाच, अभ्यासक्रमात असो नसो. पोरं म्हणायची, मॅडम, कुजबुज कुजण्यावरून आला असेल, आतल्या आत कुजतं ते. मी चिडायचे. अरे कुजण्याशी काय संबंध! हा आवाजावरून पडलेला शब्द आहे, खळखळ, किरकिर, फुसफुस यांच्या घरातला. दोन माणसं हळू बोलताना लांबून ऐका, काय ऐकू येतं? शब्द नाही ऐकू येत. नुसतं कुज, बुज, कुज, बुज. माझं स्वतःचं मत असं की पहिलं कुज एकाचं आणि पुढचं बुज दुसऱ्याचं. एकट्याला कुजबुज करता येत नाही. एकट्याने करतात ती पुटपुट. आमच्या आबांची न्हाणीघरातली. खुसुरफुसुर म्हटलं की त्यात काहीतरी कट शिजतोय असं वाटतं, पोरांचा नाहीतर जावांचा. आणि कानगोष्ट, तो तर सगळ्यात अवघड प्रकार. त्याला तोंड कानाच्या इतकं जवळ न्यावं लागतं की त्या माणसावर तेवढा हक्क पाहिजे. हल्ली वर्तमानपत्रात वाचते, अमुक पक्षात कुजबुज सुरू, म्हणजे कुणाच्या तरी नावाने संशय. वाचलं की मला राग येतो. आमच्या घरातल्या कुजबुजीत कुणाची निंदा नव्हती हो. मीठ संपलं, ताप उतरला, गाय व्याली, बाहेर विस्तव आणायला गेलेली पोर अजून आली नाही. मायचा सगळा संसार त्या आवाजात झाला.

तर मी बारावी झाले. गावातून बारावी झालेली पहिली मुलगी, आणि मार्कही बरे पडले. माझ्या डोक्यात एकच खूळ, लोणखेड्याच्या कॉलेजात जायचं आणि बी. ए. करायचं, मराठी घेऊन. एस. टी. सकाळी जाते, संध्याकाळी परत आणते, अडचण काहीच नव्हती. माय तयार होती. नाना, म्हणजे माझे वडील, त्यांना तयार करायला मायला फार दिवस लागले नाहीत, कारण नाना मुळात कुणाला नाही म्हणत नसत. दोघांनी चुलीपाशी बसून हळूच ठरवून टाकलं. आता राहिले आबा. घरात शेवटचा शब्द त्यांचा. मुलीने एवढं शिकून करायचं काय, असं त्यांनी एकदोनदा म्हटलेलं, पण ते म्हणणं दगडावरची रेघ नव्हती, नीट समजावलं तर ऐकले असते.

पण समजावणार कसं? इथेच घोडं अडलं! आबांना सांगायचं म्हणजे ओरडायचं. आणि ओरडायचं म्हणजे गल्लीला सांगायचं, गल्लीकडून भाऊबंदांना, आणि मग आबांनी हो म्हणायच्या आधीच चारजण ओट्यावर येऊन बसणार, "दादा, पोरगीनी जात, कालेजमा टाकी ऱ्हायना का?" असं झालं की आबा इरेला पेटले असते, नाही म्हणजे नाही. कामाच्या गोष्टी ओरडून सांगता येतात, नाजूक गोष्टी येत नाहीत. मग नानांनी युक्ती काढली. "मी आबाले मळामा लई जास. केळीमा बठाडीसन सांगस. तठे कोन ऐकी?" रोज सकाळी नाना निघायचे तेव्हा माय खुणेने विचारायची आणि संध्याकाळी ते मान खाली घालून परत यायचे. आज पाणी लावायचं होतं. आज आबांचे गुडघे दुखत होते. आज शेजारच्या मळ्यात मजूर होते. प्रवेशाची मुदत संपत आली. शेवटी मायने नानांना सांगितलं, तुम्ही आधी लोणखेड्याला जाऊन पोरीचं नाव तर घालून या, आबांचं मग बघू. नाना सायकल काढून निघाले. मी देवापुढे बसले. मनातून मात्र एक गोष्ट खात होती, ती मी कुणाला बोलले नव्हते. मी दिवसभर कॉलेजात गेले तर माय कुणाच्या तोंडाने बोलणार? मी सासरी गेले तर काय होणार? माझ्यामागे या घरात ती मुकीच होणार होती.

नाना सायकलवरून दिसेनासे झाले आणि तासाभरात दारात जीप थांबली. नानांचे मावसभाऊ विठ्ठलकाका. अक्कलकुव्याला त्यांचं खताचं दुकान होतं आणि लग्नं जुळवण्याचा त्यांना भारी नाद. त्यांच्याबरोबर एक पगडीवाले गृहस्थ आणि त्यांची बायको. "वाटमा व्हतूत, म्हनं भेटी लेऊत," काका म्हणाले, पण त्यांची नजर माझ्यावर आणि त्या बाईंची नजर माझ्या पायांवर. वाटेत होतो म्हणे! वाटेत असलेली माणसं कडक इस्त्रीचं धोतर नेसून येतात होय?

मायने मला आत ओढलं, तिची लग्नातली जांभळी साडी माझ्याभोवती गुंडाळली, आणि पोह्यांना फोडणी घातली. मी चहाचा ट्रे घेऊन गेले आणि त्यांनी दाखवलेल्या जागी खाली बसले. दाखवायला बसलेल्या मुलीने विचारलं तेवढंच बोलायचं, तेही पुटपुटल्यासारखं. नाव सांगितलं. स्वयंपाक येतो म्हणाले. बाईंनी माझे केस बघितले. त्या तशा हसऱ्या होत्या, मला त्यांचा राग आला नाही, आला तो विठ्ठलकाकांचा. आबा खाटेवर ताठ बसलेले, पाहुणे आल्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. पगडीवाल्यांनी विचारलं, "केळी कितला एकर शे, दादा?" आबा म्हणाले, "हां हां, चांगलं शे." पाहुण्यांना वाटलं, माणूस मोठा विनयशील, आकडा सांगत नाही. "पोऱ्या आमना येकुलता येक शे." "चांगलं शे." "पोर आमले पसंत शे. शिकनंबिकनं आते पुरे. दिवाळी व्हयनी का लगन करी टाकूत." "हां हां!" आबा म्हणाले, "लई चांगलं शे!"

आणि विठ्ठलकाकांनी पिशवीत हात घातला. तयारीनेच आले होते ते. बाहेर काढले गूळ आणि धणे. आमच्या लोकांत गूळ-धणे म्हणजे काय ते सांगते. बोलणी झाली की घरातल्या वडीलधाऱ्याने गूळ-धणे तोंडात टाकायचे. टाकले की झालं. मग ते लग्न मोडणं म्हणजे दोन घरांचं तोंड काळं करणं. काकांनी गुळाचा चांगला मोठा खडा आबांच्या तळहातावर ठेवला, वर चिमूटभर धणे. आबांना वाटलं, कुठल्या तरी देवाचा प्रसाद. त्यांनी तो आधी कपाळाला लावला! आणि गूळ म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण.

माझ्या मागच्या दारातून बांगड्या वाजल्या. मग तो श्वास आला, लहानपणापासून ऐकलेला. "शालू, सांग आबाले. खाऊ नका म्हन. शालू, सांग ना व!" जन्मात पहिल्यांदा निरोप माझ्यापर्यंत आला आणि माझ्यापाशीच अडकला. तीन पाहुणे समोर बसलेले, मी दाखवायला मांडलेली, पदर डोक्यावर. मी तोंड उघडून डरकाळी फोडली असती तर पोरगी कजाग आहे हे तळोद्यापासून शिरपूरपर्यंत झालं असतं, आणि सगळा दोष मायच्या वळणाला लागला असता. मी नुसती आबांच्या हाताकडे बघत होते. आबा खड्यावरची एक काडी नखाने काढत होते. काडी निघाली. हात वर चालला.

आणि माय बाहेर आली. अहो, बाहेर आली! पदर हनुवटीपर्यंत, त्यातून तिला जमीन सोडून दुसरं दिसत नसणार. पोह्यांचा झारा हातातच. ती पाहुण्यांच्या पुढून गेली, विठ्ठलकाकांच्या पायांवरून जवळजवळ, आणि सरळ आबांच्या खाटेपाशी. आबांना वाटलं तिला पलीकडे जायचंय, त्यांनी पाय आवरून घेतले. माय पलीकडे गेली नाही. ती उकिडवी बसली, पदराचं टोक मध्ये धरलं, आणि सासऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली. त्या घरात ती नवरी होऊन आली तेव्हापासून आबांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. मी दोन हातांवर बसले होते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. समोर काकूंचं सूप थांबलं होतं, मला खात्री आहे त्यांनाही आलं नाही. पण आबांना आलं! त्यांचा हात ओठांपाशी थांबला. भुवया वर गेल्या. मान हलली नाही, चांगलं शे म्हणाले नाहीत. ऐकत राहिले.

मग त्यांनीही हळूच विचारलं. म्हणजे त्यांना वाटलं हळूच. बहिऱ्या माणसाची कुजबुज ती! खिडकीच्या तारा झणझणल्या. "कालेज? लोनखेडाले?" माय कानाशी काहीतरी बोलली. "नाव टाकाले गया का तो? आज?" माय बोलली. आबांनी हातातल्या गुळाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि त्याच भयंकर कुजबुजीत म्हणाले, "आनि मी तं हां म्हनी टाकं ना व माय! आते कसं करानं?"

पगडीवाल्यांचा चहाचा कप हवेत राहिला. विठ्ठलकाका लाल, मग पांढरे. माय पुन्हा कानाशी लागली, यावेळी जरा जास्त वेळ. आबांच्या मिशा हळूहळू वर जायला लागल्या. "बरं, बरं," त्यांनी तिला कुजबुजत धीर दिला, "तू चिंता नको करू. मी यासले बराबर वाटे लावस." हे ऐकून पहिल्यांदा कोण हसलं असेल? त्या पाहुण्या बाई! तोंडाला पदर लावला तरी आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. नवऱ्याने डोळे वटारले तर आणखीच हसू लागल्या. आबा मात्र गंभीर. त्यांनी घसा खाकरला, गूळ विठ्ठलकाकांच्या हातावर परत ठेवला, त्यांची मूठ आपल्या हाताने मिटली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हाऊ घर लई जा, पोरेसले दे. मन्ही नात शिकनार शे. तीन साल तं कोनी विचारानं नही." आणि पाहुण्यांना म्हणाले, "पोहे खाईसन जा. मन्ही सून पोहे चांगला करस." बसली की नाही मंडळी खाली! पोहे खाल्ले, वर शेव मागितली. जाताना बाईंनी मायचा हात धरला आणि कानात काहीतरी सांगितलं. काय ते मायने मला कधी सांगितलं नाही.

जीप गेली. मी आबांपाशी धावले आणि सवयीने छातीत हवा भरली. आबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "बस व, बस! तुन्ही माय कशी बोलस देख. सबद न सबद समजना. आनि तू इतला साल मन्हा कानमा डरकाळ्या फोडी ऱ्हायनी. तुन्हं अर्धं बोलनं भी माले समजे नही!" मी त्यांच्या कानाशी वाकले. अर्धंही? मग इतकी वर्षं मी घसा फाडत होते तो कुणासाठी? "कमलसाठी," आबा म्हणाले, आणि समोरच्या ओट्यावरून काकू ओरडल्या, "हां ना!" पुढे नंदुरबारच्या एका कानाच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की बहिऱ्या माणसाशी ओरडून बोललं तर त्याला नुसता गोंगाट पोचतो. जवळ जाऊन सावकाश, खालच्या आवाजात बोलावं. पण आमच्याकडे जवळ जायचीच बंदी होती ना. लांबून ओरडायला मोकळीक होती.

संध्याकाळी नाना आले, घामाघूम. खिशात प्रवेशाची पावती. त्यांनी सायकल भिंतीला लावली, सगळा धीर गोळा केला आणि आबांच्या समोर उभे राहून ओरडले, "आबा, चला जरा मळामा! केळी देखूत!" आबा म्हणाले, "चाल ना. पन कालेजनं माले मालूम शे." नानांनी माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. काकूंनी समोरून कळवलं की त्यांनाही मालूम शे.

कॉलेजचा पहिला दिवस काय सांगू तुम्हाला! वर्गात पंखे, लायब्ररीत कपाटंच्या कपाटं पुस्तकं, आणि मराठीच्या सरांनी पहिल्याच तासाला मला उभं करून वाचायला लावलं. मी वाचलं तर शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. एस. टी. त परत येताना मी खिडकीशी बसून मनात सगळं जुळवत होते, मायला आधी काय सांगायचं, आबांना काय. दिवसभर जीव मायमध्येच होता, कुणी विचारलं असेल का तिला काही, पाणी तरी मागता आलं असेल का. फाट्यावर उतरले ती पळतच सुटले. अंगणात आले तर आबा ओट्यावरच्या खाटेवर, आणि माय त्यांच्याशेजारी खाली बसून मुगाच्या शेंगा सोलतेय. पदर कपाळापर्यंतच होता. ती मान उंच करून आबांच्या कानात काहीतरी सांगत होती आणि आबांचं पोट हसून हसून हलत होतं. मला पाहिलं आणि दोघं एकदम गप्प झाले.

"काय चाललंय?" मी अंगणातूनच विचारलं. "काय हसी ऱ्हायनात?"

आबांनी आढ्याकडे पाहिलं.

"काय गोष्ट शे? सांग ना व माय!"

"तुले काय करानं शे?" माय म्हणाली. आबांच्या समोर, चांगल्या खणखणीत आवाजात. "हात-पाय धोय आनि जेवाले बठ."